गुणवंत तायडे लाईन दाखवतात

कार्यालयातून मिळालेल्या नकाशात
पळसोद्याची पाण्याची लाईन
टाकीपासून शाळेपर्यंत पट्टीने ओढल्यासारखी सरळ.
गुणवंत तायड्यांनी तो उलटा धरला, सुलटा केला,
घडी घालून मला परत दिला.
"हा कागूद ठेवा मॅडम. माह्यामागं या."

मे महिना, सकाळचे साडेसात, माती तापलेली.
पुढे ते, खांद्यावर व्हॉल्व्हची लोखंडी चावी,
बावीस वर्षांत मूठ घासून पांढरी पडलेली.
मागे मी, चुन्याची पिशवी,
आणि टेपचं दुसरं टोक धरायला
सरपंचांनी दिलेला नववीतला पोरगा.

"इथं कुत्रं झोपलं हाये ना,
त्याच्या पोटाखाली जॉइंट हाये. उन्हाळाभर गयते.
त्याले मालूम हाये, तुमच्या हापिसाले नाही."
मी फुली मारली.
कुत्र्याने एक डोळा उघडला.

पुढे दूर्वा हिरवीगार : फुली.
पुढे भिंतीला छातीपर्यंत मिठाचा फुलोरा : फुली.
दारोदारी निळे ड्रम.
घराला नुसती कडी, ड्रमला कुलूप.
नळ आठव्या दिवशी, तोही खारा,
साबणाला फेस नाही, तुरीच्या डाळीला सात शिट्ट्या,
आणि सोयरीक बघायला आलेले
पोरीआधी पाण्याचा घोट मागतात.

वाकोडेंच्या गोठ्यापाशी ते थांबले.
"इथून लाईन वयते."
नकाशात वळत नाही, मी म्हटलं.
"रात्री वयली. चौऱ्यान्नव साली.
कोनं वयवली ते लिवू नका,
फकस्त वयते एवढं लिवा."
मी लिहिलं : वळते.

चिंचेपलीकडे, विहाराच्या वस्तीआधी,
त्यांनी चावी जमिनीत रोवली.
"इथं नव्वदची चायीस होते."
का?
टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.
"पाईप संपला म्हने तवा."
मग थोडं चालून, आपल्याच दाराकडे न बघता,
"मी टाकीपाशी उभा राहून साऱ्या गावाले पानी सोडो,
अन् माही बायको इथं
चायीसच्या तोंडाशी गंज लावून बसे."
पोरगा टेप धरून गप्प.
तो वाकोडेंचा नातू, हे मला नंतर कळलं.

नव्या नकाशात मी
टाकीपासून शेवटच्या घरापर्यंत
एकच आकडा लिहिला : एकशे दहा.
साहेब म्हणाले, टोकाला एवढी कशाला?
मी म्हटलं, प्रेशरचा हिशोब आहे.
हिशोबच होता.

मग ठेकेदार पळाला, दुसरा आला.
दोन उन्हाळे पाईप रस्त्याकडेला पडून,
पोरं या तोंडातून त्या तोंडात
एकमेकांच्या बापांची नावं ओरडत.

धरणाचं पाणी आलं तेव्हा आधी तांबडं आलं,
मग दुधाळ, मग काहीच रंग नसलेलं.
शेवटच्या घरात वच्छलाबाईंनी डाळ लावली.
दोन शिट्ट्यांत गळून पडली,
त्यांनी झाकण उघडून पुन्हा लावलं,
विश्वास नव्हता म्हणून.
चहा मात्र सगळ्यांना अळणी लागला.
"सवय जाईन हळूहळू," तायडे म्हणाले,
आणि बोटाच्या चिमटीत मीठ घेऊन
माझ्यासमोर थोडे लाजले.

नव्या व्हॉल्व्हला चाक आहे. चावी बसत नाही.
ती आता बकऱ्यांच्या दाराला अडसर आहे.
मानधनाचं काय झालं, मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.

निघताना पाहिलं,
तेच कुत्रं जुन्या जॉइंटच्या जागी
गोल गोल फिरत होतं, नाकाने जमीन ढोसत.
कोरडी.
चिंचेखाली जाऊन आलं, परत हुंगलं.
"त्याले कोनी सांगतलंच नाही," तायडे म्हणाले,
आणि हातातला गिलास
तिथेच, त्या मातीवर, ओतला.